पहिलीचा पट

प्रिय राधिका,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता. तिकडे राहायला आल्यावर आमच्या पियुषला तुमच्याकडच्या जपानी शाळेत घालू की इंडियन स्कूलमध्ये? तू विचारलंस तेव्हा दिवाळी व्हायची होती, आणि आता इथे लोकांनी जाडे कोट बाहेर काढले. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पुसलं. तुला वाटलं असेल, नंदू कामात असेल. कामात नव्हते. उत्तर काय द्यायचं यापेक्षा ते द्यायचा अधिकार मला आहे का, याच्यातच अडकले होते. डायरीत या एकाच विषयावर इतकं लिहिलं की यतीन नवऱ्याच्या हक्कानं म्हणाला, एवढ्यात तुझी दुसरी पीएच.डी. झाली असती. पहिली झाली नाही हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

आधी आमचं गाव कसं आहे ते सांगते. टोकियोतल्या एदोगावाच्या पुढे, नदीचा पूल ओलांडला की हे छोटं उपनगर लागतं. नगरपालिका स्वतःची, महापौर स्वतःचा. दर महिन्याला पालिकेचं पत्रक दारात येतं. त्यात शेवटच्या पानावर एक चौकट असते: जन्म किती, मृत्यू किती, राहायला आले किती, सोडून गेले किती. मी पत्रक आधी मागून उघडते. जपानी माणसं दर महिन्याला थोडी कमी होतात, आमच्यासारखी परदेशी थोडी वाढतात, आणि बेरीज जवळजवळ तीच राहते. एखाद्या घरात भाडेकरू बदलावेत आणि दारावरचा नंबर तोच राहावा, तसं. स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्या-मुंबईचीच अर्धी माणसं आहेत. मागच्या गल्ल्यांत मात्र जुनी घरं आणि म्हातारी माणसं. एक बालवाडी होती, ती आता वृद्धांचं दिवसा बसायचं केंद्र झाली आहे. भिंतीवरचे हत्ती आणि ससे त्यांनी तसेच ठेवलेत. आजोबा लोक हत्तीखाली बसून चहा पितात. कुणाला ते विचित्र वाटत नाही, मलाच वाटतं.

आमच्या नचिकेतची शाळा या गल्ल्यांच्या मधोमध आहे. सकाळी गल्लीतली मुलं एका कोपऱ्यावर जमतात आणि ओळीनं चालत जातात. पुढे सहावीतलं मूल, मध्ये पहिलीतली पिल्लं. आईवडिलांनी सोबत जायचं नसतं. पहिल्या दिवशी मी लपतछपत मागे गेले होते, तर चौकात पिवळा झेंडा घेऊन उभ्या असलेल्या आजींनी मला वाकून नमस्कार केला आणि हसत घराकडे बोट दाखवलं. जेवण मुलंच वाढतात, वर्ग मुलंच झाडतात. घरी मात्र नचिकेत पाण्याचा ग्लास जागचा उचलत नाही.

तुला आठवत असेल, पहिलं वर्षभर तो शाळेत एक अक्षर बोलला नव्हता. तू फोनवर म्हणायचीस, अगं बोलेल, माझा पियुष नाही का बाणेरच्या पाळणाघरात घातल्यावर चार महिने गप्प बसला होता. नचिकेत मनानं दुबळा नव्हता, त्याला फक्त चूक बोलायचं नव्हतं. ते माझ्याकडूनच आलंय. मग दुसरीत एकदा जेवणाच्या वेळी त्याच्या हातून सूप सांडलं आणि तो मोठ्यानं सॉरी म्हणाला, जपानीत. सगळा वर्ग सूप विसरून टाळ्या वाजवायला लागला, असं त्याच्या बाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून ही शाळा मला माझी वाटते.

आणि तीच शाळा बंद व्हायच्या बेतात आहे. येत्या एप्रिलात पहिलीला बारा मुलं आली नाहीत, तर त्याच्या पुढच्या वर्षी ती हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करायची, असं पालिकेनं ठरवलंय. म्हणजे आता चौथीत असलेला नचिकेत सहावीत पुन्हा नवा मुलगा. गेले दोन महिने मला याचीच काळजी आहे, बाकी सगळं मी शिष्टाचार म्हणून विचारते.

या निर्णयाची सभा शाळेच्या जिममध्ये झाली. बूट बाहेर, पायांत थंडगार स्लिपर. अधिकाऱ्यानं खाली उतरत जाणारी एक रेघ पडद्यावर दाखवली आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणून विचारलं. सगळे गप्प. आपल्याकडे अशा सभेत माइकची ओढाओढ झाली असती. मला खरंच कुतूहल होतं म्हणून मी हात वर केला. म्हटलं, या रेघेत आमच्या बिल्डिंगमधली मुलं धरलीत का? त्यानं कागद चाळले, मग वाकून सांगितलं, नाही. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, त्यामुळे पालकांनी अर्ज केला तरच ती मोजतात. जिममध्ये कुजबुज झाली. मला वाटलं, काहीतरी चुकलं आपलं.

चुकलंच होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीच्या मंडळाचे प्रमुख इशिदासान हातात भलामोठा मुळा घेऊन दारात. म्हणाले, नंदिनीसान, सभेत प्रश्न विचारायचा नसतो, तो आदल्या आठवड्यात आमच्या घरी येऊन विचारायचा असतो, सभेत आम्ही फक्त हो म्हणायला जमतो. मग मुळा माझ्या हातात देऊन म्हणाले, पण विचारलात ते बरं झालं, आता तुमच्या बिल्डिंगमध्ये मुलं किती आहेत ते सांगा. यतीन मागून म्हणाला, आता हिला निवडणुकीला उभं करा. पण मतदानाचा हक्क नसल्यामुळे स्वतःचं मतसुद्धा मिळायचं नाही हिला.

मग पहिलीच्या वयाची मुलं शोधत मी बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर हिंडले. शेजारचा जगदीश लगेच हो म्हणाला, त्यानं इथे घर बुक केलंय. पाचव्या मजल्यावरची नेपाळी जोडीही तयार झाली. वरच्या मजल्यावरची चैत्राली मात्र मलाच हसली. म्हणाली, तू बोल गं, तुझं बूड इथे टेकलंय. आम्ही दोन वर्षांनी परत जाणार, तेव्हा माझ्या लेकीला कुठल्या बोर्डाच्या कुठल्या वर्गात बसवू, तेवढं लिहून दे.  घरी येऊन मी नचिकेतकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. तो मला मराठीत 'आई' म्हणतो आणि पुढचं सगळं जपानीत. माझ्या बाबांचा फोन आला की स्क्रीनकडे बघून हात हलवतो आणि माझ्याकडे वळतो, आजोबा काय म्हणाले ते विचारायला. आम्ही इथे राहणार आहोत म्हणून मी ते पचवलंय. शाळेचं कौतुक सांगताना मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नको. पियुषला इथल्या शाळेत घालू नकोस. तुमचं पोस्टिंग तीन वर्षांचं आहे. पहिलं वर्ष तो गप्प बसेल, दुसऱ्यात शब्द जमवेल, तिसऱ्यात खुलेल आणि तेव्हाच तुम्ही त्याला उचलून पुण्याला न्याल, जिथे त्याला पुन्हा पहिल्यापासून गप्प बसावं लागेल. इंडियन स्कूल लांब आहे, ट्रेन आणि सायकल दोन्ही करावं लागेल, पण तिथे तो पहिल्या दिवसापासून भांडू शकेल. हे लिहिताना मी स्वतःला विचारलं, आपला स्वार्थ दिसू नये म्हणून तर तू उलटं सांगत नाहीस ना? म्हणून शाळा बंद होणार नाही असं धरून पुन्हा विचार केला. तरी उत्तर हेच आलं.

स्वार्थ कसला, ते आता सांगते. सगळे अर्ज धरून पहिलीत अकरा मुलं झाली आहेत. तू फेब्रुवारीत येणार हे मीच कौतुकानं इशिदासानना सांगून बसले होते. काल ते पुन्हा आले आणि हळूच म्हणाले, तुमच्या मैत्रिणीचा मुलगा सहा वर्षांचा आहे ना? मी म्हटलं, शुक्रवारी सांगते. तू मला विचारलंस म्हणजे तू माझंच ऐकशील, हे आपल्याला कॉलेजपासून माहीत आहे. तू मानसशास्त्र घेतलंस तेसुद्धा मी घेतलं म्हणून. त्यामुळे फोनवर बोलायची हिंमत झाली नाही. तू नुसतं 'तू म्हणशील तसं' म्हणाली असतीस तर मी बारा म्हणून मोकळी झाले असते. हे पत्र आत्ताच पाठवते आहे. शुक्रवारी मी इशिदासानच्या घरी जाऊन अकरा सांगेन, आणि मग नचिकेतला सहावीचं सांगेन. ते कसं सांगायचं, एवढं मात्र तू मला सुचव.

तुझीच,
नंदिनी