फळ्यांमागची ऊब

३ जून, लामी
काल पलीकडच्या बेटावरून, लबासाहून, बोटीने आले, आज कामाला लागले. कचेऱ्यांनी मोडीत काढलेले संगणक आमच्या शेडमध्ये येतात. आतली माहिती कायमची पुसायची, मग तांबं, पत्रा, प्लास्टिक वेगळं करायचं. आमच्या गावी खारफुटीत फेकलेले टीव्ही पाहिलेत मी, म्हणून हे काम मनापासून आवडलं. सोबतीला टोमासी आहे, साठीकडे झुकलेला आणि थट्टेखोर. स्क्रू काढताना माझी जीभ बाहेर येते म्हणे. जेवताना उकडलेल्या कसाव्याचा निम्मा कंद माझ्या ताटात ढकलून म्हणाला, “खा गं पोरी, वाऱ्याने उडशील.”

७ जून
आज लॅपटॉपच्या बॅटऱ्या काढल्या. काही उशीसारख्या फुगलेल्या. त्या कुठे ठेवायच्या विचारलं, तर मालक क्लाइवने मागच्या फळ्यांच्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं. जहाजवाले फुगलेल्या घेत नाहीत, काही सोय होईपर्यंत तिथे राहू देत म्हणाला. कधीपासून साठल्यात, यावर नुसता हसला.

११ जून
फळ्यांमागून गोडसर वास येतो, नेलपॉलिशसारखा. हात लावला तर लाकूड कोमट. तिथे ऊन कधीच पोचत नाही. आत टिकटिक चालू होती. क्लाइव म्हणाला, उंदीर असतील. तो गेल्यावर फटीतून पाहिलं. छतापर्यंत ढीग, काळा, कुठे कुठे फाटलेला. माझ्या डोळ्यांदेखत त्यातली एक हळूच फुगली. श्वास घेतल्यासारखी.

१२ जून
अग्निशमन केंद्राला फोन केला. सोमवारी माणूस पाठवतील. टोमासीला सांगितलं, तर त्याने मान खाली घातली. शेड बंद पडली तर बायकोच्या औषधांचं काय, एवढंच पुटपुटला.

१४ जून
क्लाइवला तपासणीचं कुठून तरी कळलं. सोमवारच्या आत सगळं हलवायचं म्हणतो. रस्त्यावरून दिसू नये म्हणून आम्हा दोघांना आत ठेवून शटर ओढलं, बाहेरून कुलूप लावलं आणि ट्रक आणायला गेला. टोमासी फळ्यांमागे खोकी भरतोय. मी बाहेर ये म्हणून किती विनवलं. “झालंच गं,” म्हणतो.

दुपार
खोकं पडलं. फुसकारा — मग पांढरा धूर, दाट. टोमासी आत —
मी न्हाणीत. ओला फडका तोंडावर. फोन बाकावरच राहिला. खिडकीला गज.

बंब आला. भोंगा थांबत नाही. घसा बंद, आवाज फुटत नाही. वेगळ्या पानावर एवढंच लिहून गजांतून टाकते: आत दोघं आहोत. फळ्यांमागे बॅटऱ्या. लवकर या —

क्लाइव परत आलाय. बंबवाल्यांना सांगतोय, आत जुने कीबोर्ड आहेत फक्त. माणसं केव्हाच घरी गेली.

टाकलेलं पान कुणी पाहिलं नाही. हात बाहेर काढलाय. हलवतेय.

क्लाइवने पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. आता त्यांना पलीकडच्या बाजूला घेऊन चाल —