हिरव्या टोपीत, नऊ नंबरसाठी

१२ मार्च ९९, शुक्र.
दुबईहून दीड तास, अल ऐनला मॅच. स्टेडियम रिकामं दिसू नये म्हणून कंपनीने लेबर कॅम्पातली पोरं बसमध्ये कोंबून नेली. हिरवी टोपी, बिर्याणीचा डबा. काम एकच, हिरव्यांसाठी ओरडायचं.
आणि समोरच्या टीममध्ये तो! नऊ नंबर. ब्राझीलवाला. गावाला टीव्हीवर पिवळ्या शर्टात बघितलेला. आता पोट सुटलंय, गुडघ्याला पट्टा. पळतच नाही. नुसता उभा.
माझ्या रूममधला सलीम, दापोलीचा, म्हणाला, "हा काय बसची वाट बघतोय काय?"
तेवढ्यात बॉल आला. दोघे अंगावर. हा कसा वळला कळलंच नाही, गोलकीपर भलत्याच बाजूला पडलेला. मी उभा राहून बोंबललो, टाळ्या. मग बघतो तर अख्ख्या हिरव्या स्टँडात मी एकटाच.
कॅम्पबॉसने डोक्यावरची टोपी काढून घेतली. "बिर्याणी किसकी खाया, ताली किसको मारा?"

१३ मार्च
बॉसचा हुकूम, यापुढे मॅचच्या बसमध्ये मी नाही. खलास. सगळे गद्दार म्हणतात. म्हणू देत. तो गोल मी बघितला.

२ एप्रिल, शुक्र.
कॅम्पाजवळ कुसैसच्या न्हाव्याकडे नऊ नंबरचा फोटो लावलाय, पेपरातला कापून. पठाण, मल्याळी, अरब पोरं, जो खुर्चीत बसेल तो त्याचीच गोष्ट सांगतो. आज कळलं, सीझन संपला की तो खेळणं सोडणार. शेवटची मॅच ३० ला, परत हिरव्यांशीच. अल ऐन. कंपनीच्या बसशिवाय जायचं कसं?

९ एप्रिल
कॅम्पामागे वाळूत खेळलो. त्याच्यासारखं उभं राहून बघितलं. नाही जमत. माझे पाय थांबतच नाहीत. आठवीत शाळा सोडली, मग गॅरेज, मग बोट. तो थांबतो कसा? आणि थांबलेला असून सगळ्यांच्या आधी पोचतो कसा?
सलीम ओरडतोय, "पळ ना मेल्या, पुतळा झालास काय!"

२३ एप्रिल
कॅम्पबॉसकडे गेलो. ३० च्या बससाठी. सलीमच बोलला, "मैं बाजू में बैठेगा. इसने ताली मारा तो मेरा भी बस बंद."
बॉस हसला. "कसम खा."
आईची घेतली. कशाला आईची घेतली...

३० एप्रिल
हाफटाइम. डब्याच्या झाकणावर लिहितोय. शून्य-शून्य. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, लिहायला एक काढलाय.
तो आत जाताना हिरव्यांचे म्हातारे अरबसुद्धा उठून टाळ्या मारत होते. त्यांना कोण विचारतो! कॅम्पबॉसही बघत होता. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.
सलीम म्हणतो, "बधिर झाले काय रे हात?"
झाले.
शिटी वाजली. एवढं लिहून पेन सलीमकडे. नऊ नंबर परत तिथेच उभाय. बॉल अजून लांब आहे.