सतरंजीचा हिमालय

सर, परवा आपल्या शेळगावच्या शाळेत पाहुणा म्हणून जाऊन आलो. हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर कसे घडतात, हेच मी आता पुण्यात शिकवतो. सोबत काचेची पेटी नेली होती, तिच्यात रंगीत वाळूचे थर. मागून फळी ढकलली की थर मोडतात, एकमेकांवर चढतात आणि खालचा जुना थर वरच्या नव्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. मागचा ढीग फार उंच झाला की पुढच्या सपाट वाळूत नवी चीर पडते आणि डोंगर तेवढा पुढे सरकतो. मुलं माना उंचावून बघत होती. तिथंच थांबायला हवं होतं, पण मला चेव चढला. म्हणालो, "आमचे सर सतरंजी ढकलून हिमालय करायचे. हिमालय म्हणजे काय लग्नातली बैठक आहे?" सगळी शाळा खो खो हसली.

तो तास मला अजून दिसतो. तुम्ही फरशीवर सतरंजी अंथरताय, एक टोक भिंतीला लावताय, दुसऱ्या टोकाशी मला गुडघ्यांवर बसवताय. "ढकल. हळू रं. घाई केलीस तर डोंगर न्हाय, बोचकं हुईल." सतरंजीला घड्या पडतात, आणि टेकाडापलीकडे काही न पाहिलेला मी हात काढायला तयार नसतो. थर तुटून एकमेकांवर सरकतात, हे तुम्ही सांगितलं नाहीत, कारण आपल्या पुस्तकातच ते नव्हतं. हे मला परवा बोलतानाही माहीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाई काठी टेकत पुढे आल्या. तुमच्या घरच्या, आमच्या चाची. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना भेटलोच नव्हतो, म्हणून ओळखलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पेटीवर वाकल्या आणि म्हणाल्या, "सरांचं काय चुकलं व्हतं, तेवढं मला सांग. चूक कळली की लई खूश व्हायचे. आता तेंच्या वाटचं ऐकायला मीच हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी घड्याळ बघितलं, बारामतीला लोक खोळंबलेत म्हणालो आणि निघालो. बारामतीला कुणीही खोळंबलं नव्हतं.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमचा एकच पत्ता मला ठाऊक आहे, आणि तिथं पाकीट त्याच फोडतील. त्यांच्या दारात जाऊन माफी मागायला हवी, हे कळतं, पण पाय उचलत नाही. आणि सर, शाळा हसली ना, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.