पाचव्या प्रश्नाचं उत्तर

३ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, तो होकार की नकार ते कळत नाही, म्हणून लिहिते आहे. पिल्लू नऊ महिन्यांचं झालं. वजन आठ किलो दोनशे, दात दोन. माझी रजा महिनाअखेर संपते. एक मार्चला हजर झाले नाही, तर लिफ्ट तपासायचं माझं काम दुसऱ्याला देतील आणि मला फायली लावायला बसवतील. साहेबांनी हे फार गोड आवाजात सांगितलं.

पिल्लाला सांभाळायला तीन पर्याय आहेत : कोपऱ्यावरचं पाळणाघर, घरी येणारी एक बाई, आणि तुम्ही. तिघांनाही एकच प्रश्नावली दिली आहे, तुमची सोबत जोडते. तुमच्या चिरंजीवांच्या मते आईला असला कागद पाठवणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. धोंडा माझ्या पायावर पडेल, असं मी त्यांना सांगितलं. पाचवा प्रश्न, मूल सांभाळताना झालेल्या चुकांचा, कृपया टाळू नये.

लोभ आहेच. तो वाढवायचा की कसं, ते कागद वाचून ठरवावं.

तुमची सून

९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

कागद पोचला. तीन दिवस तो शिलाई मशीनखाली दाबून ठेवला आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. चौथ्या दिवशी शेजारीण सांगत होती, तिच्या सुनेने न विचारताच मूल आणून सोडलं. निदान तू विचारलंस तरी. मग भरायला घेतला.

उजवा कान ठीक आहे, डावा शोभेचा. तो ‘हं’ त्यातूनच येतो. रांगणाऱ्या मुलामागे मी जाऊ शकते, पळणाऱ्या नाही. दुपारी दोन ते साडेतीन झोपते. त्या वेळात घर चोरीला गेलं, तर मला चारला कळेल.

आता पाचवा. तुझा नवरा आठ महिन्यांचा असताना मी त्याला कापडाच्या दुकानात गठ्ठ्यांवर विसरून आले. अस्तर मात्र आठवणीने आणलं. धावत परत गेले, तर दुकानदार त्याला मांडीवर घेऊन गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होता. तुझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. तूही सांगू नकोस.

लिहून झाल्यावर वाटलं, तुझ्या जागी मी असते तर या बाईला ठेवलं नसतं. पाळणाघरच बरं. यायचं फार मनात होतं, पिशवीही भरली होती. ती आता रिकामी करते.

माझ्या लोभाची काळजी नको, तो उतू जातोय.

आई

१४ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी रिकामी करू नका.

पाळणाघराने पाचव्या प्रश्नापुढे ‘निरंक’ लिहिलं आहे. बावीस वर्षं, एका वेळी चाळीस मुलं, निरंक. घरी येणाऱ्या बाईंनी लिहिलं, देवाच्या कृपेने कधीच काही नाही. आमच्याकडे प्रत्येक लिफ्टमागे बिघाडांची एक वही असते. वही कोरी दिसली, की मी आधी लिफ्ट बंद करते, मग तपासते. बिघाड सगळीकडेच होतात, लिहितं कुणीतरी एखादंच. लिहिणारं माणूस असलं, की बाकीचं दुरुस्त करता येतं.

दुरुस्ती अशी. पाळणा तुमच्या उजव्या हाताला राहील. तुमच्या झोपेच्या वेळी पिल्लू चिरंजीवांकडे. ते बाराला उठतात आणि पाळीवर जायला पावणेचारला निघतात. त्यांना हे कळवलं आहे, विचारलेलं नाही. पिल्लू पळायला लागेल तेव्हा पुन्हा बघू.

कृपा करून यावं. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

तुमची सून

१९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

अठ्ठावीस तारखेच्या, रविवारच्या बसचं तिकीट काढलं. एकच विचारते. तू वजन लिहिलंस, दात लिहिलेस, साहेबांचा आवाजसुद्धा लिहिलास. तुला कामावर जायचंय की जावं लागतंय, ते कुठेच नाही. मला दोन्ही चालेल. पण कुणासाठी येतेय ते ठाऊक असलेलं बरं.

आई

२३ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

जायचंय. पिल्लाला सोडून जाताना जीव तुटेल ना, असं सगळे विचारतात आणि मी हो म्हणते. ते खरंच आहे. पण लिफ्टच्या छतावर उभं राहून दोराची जाडी मोजायला मिळावी म्हणून मी दिवस मोजते आहे, हेही खरं आहे. दोन्हींची बेरीज मला जमलेली नाही.

एक विनंती. एक तारखेला सकाळी साडेआठला मी पिल्लाला तुमच्याकडे देईन. मी लवकर सोडलं नाही, तर काढून घ्या. जोर लावावा लागला तरी हरकत नाही.

तुमची सून