तीनशे लाल ठिपके

मालेगाव (जि. वाशीम), ता. २ जुलै २०२४

चि. यूसरास हबीबमामूची दुवा. वि. वि.,

एकवीस तारखेच्या तोंडी परीक्षेत पास झालीस तरच फ्रान्सचं कॉलेज तुले घेईल, म्हणून फ्रेंचचे तीनशे शब्द तोडून पाठवतो. मे-झों म्हणजे घर. तुकडे दोन, जोर शेवटच्यावर. जिथं जोर तिथं लाल ठिपका. एकही गाळू नको. घड्याळं दुरुस्त करता करता बावीस वर्षं डिक्शनरी वाचून हे कमावलं, कोणत्या क्लासात नाही. तुझी माय म्हणते, पोरीले जेवू तरी दे. जेव, पण शब्द म्हणत जेव.

माया आहेच, ठिपके सांभाळ.
हबीब

पुणे, ता. ९ जुलै

ती. हबीबमामूंना यूसराचा सलाम.

सराव परीक्षेत नापास झाले. मॅडम म्हणाल्या, दर शब्दावर खिळा ठोकल्यासारखी बोलतेस. शब्द एकटा असेल तर जोर त्याच्या शेवटी. पण 'ला मेझों रूझ', म्हणजे लाल घर, असं जोडून म्हटलं की 'झों'वरचा जोर जातो, एकट्या 'रूझ'वर येतो. मामू, तुम्ही फ्रेंच माणूस बोलताना कधी ऐकलाच नाही. रेकॉर्डिंग पाठवलंय, ऐका. तुम्हाला न विचारता ठिपके सोडायला मन धजत नाही, आणि दिवस बाराच उरलेत. फोनही उचलत नाही तुम्ही.

रागवा, पण कळवा.
यूसरा

मालेगाव, ता. १३ जुलै

चि. यूसरास,

कोण मॅडम? माझी बावीस वर्षं अन् तिची किती? रेकॉर्डिंग कायले ऐकू? ठिपके तसेच राहतील.

हबीब

मालेगाव, ता. १९ जुलै

चि. यूसरास मामूची दुवा. वि. वि.,

काल तुझी माय लतीफा रिसोडहून आली अन् दुकानातच बसली. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणे, भाऊ, ऐकल्याबिगर मी हालत नाही, मंग गिऱ्हाईक बोंबलो. सतरा वेळा ऐकलं. ती फ्रेंच बाई सरळ बोलत जाते, दम घ्यायच्या आधीच तेवढा जोर देते. मॅडम बरोबर. डिक्शनरीत शब्द एकेकटे राह्यतात. मी बी एकटाच शिकलो.

हे फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं, म्हणून पुण्याले निघालेल्या एजाजजवळ पत्र देऊन राह्यलो. उद्या सकाळी भेटेल. दिवसभर ते रेकॉर्डिंग ऐक. माझे तुकडे बरोबर आहेत, ते ठेव. ठिपके सोड.

कोणाजवळ शिकली असं विचारलं, तर माझं नाव सांग. कुठं चुकलो तेही सांग. अर्धवट मले चालत नाही.

राग माझ्यावर ठेव, परीक्षेवर नको.
हबीब