कनेलाची दुडकी

३ ऑगस्ट, सकाळी ६
जत्रेला अठरा दिवस. या वर्षी स्पर्धेच्या लाकडी फळ्यांवरून माझी घोडी कनेला जाणार आणि मेहुणा रूबिएल तोंडात बोटं घालून बघणार. सासऱ्यांनी एकाच घोडीच्या दोन पोरी वाटल्या. चांगली मुलाला, उरलेली जावयाला. रूबिएल गावभर सांगतो, पासो चाल स्पॅनिश रक्तातच असते, शिकवून येत नाही. रक्त तर दोघींचं एकच. मग माझीच दुडकी का धावते? कोणी शिकवलं नाही म्हणून. मुद्दा सिद्ध.

५ ऑगस्ट
अंगणात बारा फळ्या ठोकल्या. पासो म्हणजे पाय एकामागून एक पडणार, तव्यावर मका फुटतो तसा एकसारखा आवाज, आणि स्वार जागचा हलणार नाही. आज मी बराच हललो. फळ्या ओल्या असाव्यात.

९ ऑगस्ट
प्रॅक्टिस अत्यंत गुप्त. पाद्रीबाबांनी रस्त्यात विचारलं, छप्पर दुरुस्तीला काढलंय का. हो म्हणालो.

१० ऑगस्ट
रूबिएल चीज घेऊन आला. म्हणाला, दाजी, लगाम जरा सैल सोडा, चालू द्या की तिला. जळतो माझ्यावर. लगाम आणखी आवळला.
त्याची टोपी नवी आहे. मला जास्त शोभली असती.

१४ ऑगस्ट
कंबर धरली. बायको नोहेमी म्हणते, अहो, जनावराचंही ऐकावं कधी. भावाचीच बाजू घेणार. उद्या सुट्टी. कनेला दमली आहे, मी नाही.

१५ ऑगस्ट, दुपार
पलंगावर पडलो होतो. अंगणात मका फुटायला लागला. एकसारखा, सुरेख. रूबिएल त्याची घोडी माझ्याच फळ्यांवर नाचवतोय, म्हणून शिव्या तयार ठेवून खिडकीत गेलो. कनेला होती. लगाम नाही, नुसता दोर. पाठीवर नोहेमी, मांडीवर अंड्यांची टोपली. एकही अंडं हलत नव्हतं.
विचारलं तर म्हणाली, दर शनिवारी बाजाराला अशीच तर जाते ती. तुम्ही झोपलेले असता.

१६ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. माझं शिकवणं अंगी लागलंय. जत्रेत वर नोहेमी बसेल, मेहनत माझी.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
कनेला पहिली. रूबिएलची दुसरी. पंच माईकवर म्हणाले, अस्सल जन्मजात चाल, शिकवणाऱ्याचा हात लागून बिघडलेली नाही.
रूबिएल पडलेल्या चेहऱ्याने येईल म्हणून दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्याने येऊन कडकडून मिठी मारली. खरोखर आनंद झाला होता त्याला. याचा फार राग आला.
मग रिवाजाप्रमाणे मालकाने घोडीवर बसून मैदानाला फेरी मारायची होती. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. म्हणालो, गुडघा दुखतोय.
नोहेमीने हळूच विचारलं, कुठला.
अजून ठरलेलं नाही.