लोह्याच्या मुलीचं मोडलेलं स्थळ

आई, शनिवारी शाळा सुटली की मी इथे नांदेडच्या एका दवाखान्यात जाते. मधुमेहाची अठरा-वीस वर्षांची पोरं एका खोलीत जमतात, त्यांच्याशी बोलते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली बाई पन्नाशीला आलेली दिसली की त्यांना धीर येतो, असं डॉक्टर म्हणतात. मी आपण होऊन सुरू केलं, सहा वर्षं झाली. पण आता दमते गं. हॉस्टेलवर कळलं तर, नोकरीत सांगायचं का, तेच प्रश्न; फक्त तोंडं बदलतात. आणि मुलींचा तर ठरलेला, लग्नाचा.

लोहा गावची एक मुलगी यायची, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेली. तिला देगलूरचं स्थळ आलं. घरच्यांचं म्हणणं, आजाराचं बोलायचं नाही. तिनं मला विचारलं, "म्याडम, तुमच्या वेळी काय केलं?" मी म्हणाले, "आम्ही आधीच सांगितलं होतं. तूही सांगून टाक." इतक्या सहज म्हणाले, की माझं मलाच खरं वाटलं.

लातूरचं आपलं स्वयंपाकघर तुला आठवत असेल. मला बघायला पाहुणे आलेत. इन्सुलिनची बाटली तू एरवी माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायचीस, त्या दिवशी ती तांदळाच्या डब्यामागं आहे. माझ्याही कपात तू सगळ्यांसारखीच साखर घातलीस, बशीत लाडू ठेवलास आणि डोळ्यांनीच म्हणालीस, खा. मी निमूट खाल्ला. रिक्षा वळेपर्यंत तू दारात हसत उभी राहिलीस, आणि आत येऊन भिंतीला टेकून बसलीस.

त्या मुलीनं माझं ऐकलं. मुलाला सगळं सांगितलं, आठवड्यात नकार आला. शनिवारी तिची आई एकटीच आली, सगळ्या पोरांसमोर मला म्हणाली, "तुमचं ऐकून हातचं स्थळ गेलं, म्याडम. आता कोण येऊन राहिलं आमच्या दारात? पोरगी दोन दिस झाले नीट जेवत न्हाई. तुम्हाला काय, तुमचा संसार झाला!" पोरं एकेक करून निघून गेली.

त्यानंतर तीन शनिवार मुलगी आली नाही. फोनही उचलेना. मग रविवारी एसटीनं लोह्याला गेले. ती मागच्या खोलीत बसली होती, गालफडं बसलेली. इन्सुलिन घेतेस ना, विचारलं तर म्हणाली, "कधी घेते, कधी न्हाई." मी तिथंच जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं, की मी खोटं बोलले होते. आमच्याकडून कोणीच सांगितलं नव्हतं. अकरा महिने सासरी न्हाणीघराचं दार लावून सुई टोचत होते. एकदा घाईत न जेवता टोचली आणि चुलीपुढंच शुद्ध हरपली, तेव्हा सगळ्यांना कळलं.

तिनं विचारलं, "मग मला कशाला सांगायला लावलं?"

"तुझ्यावर ते न्हाणीघर येऊ नये म्हणून."

"तुम्ही तुमचं खरं सांगून मग म्हणाला असतात, तरी मी सांगितलंच असतं," ती म्हणाली. आवाजात राग होता. पण माझ्यासमोर उठली, साखर तपासली, इंजेक्शन घेतलं. पुढच्या शनिवारी आलीही. माझ्याशी बोलली नाही. नव्यानं आलेल्या एका घाबरलेल्या मुलीजवळ जाऊन बसली आणि पोटावर सुई कुठं टोचायची ते तिला दाखवत राहिली. स्थळ मात्र मोडलं ते मोडलंच.

त्या रविवारी मी लोह्याहून निघताना तिनं विचारलं होतं, "कळल्यावर तुमच्या आईचं काय झालं?" मी म्हटलं, "आईनं माफी मागितली." तेवढंच सांगितलं. तू लातूरहून धावत आलीस, उंबऱ्याशी उभी राहिलीस, आणि सासूबाईंनी मला विचारलं, "तुला ठाऊक होतं का, तुझ्या आईनं लपवलं ते?" हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले होते, "मला वाटलं, आईनं सांगितलं असेल." तू माझ्याकडं एकदाच बघितलंस आणि त्यांना म्हणालीस, "हो, माझीच चूक." पुढं तू नऊ वर्षं होतीस. त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी एकदाही बोलले नाही.